कडेचा हिशेब : छायाचित्रातील निवड आणि तिचे परिष्करण

छायाचित्र-संपादनाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या एखाद्याच भागावर काम करावयाचे असेल, म्हणजे चेहरा उजळायचा पण मागची भिंत आहे तशी ठेवायची, किंवा वधूवरांना मंडपातून उचलून अल्बमच्या दुसऱ्याच पानावर बसवायचे, तर तो भाग नेमका कोणता हे आधी संगणकाला दाखवून द्यावे लागते, आणि या दाखवून देण्यालाच व्यवहारात ‘सिलेक्शन’ किंवा निवड म्हणतात. निवड करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. माणूस, आकाश किंवा मोटार एका स्पर्शात ओळखून वेगळी करणारी साधने साध्या मोबाइलमध्येही आली आहेत. अवघड राहिले आहे ते त्यापुढचे काम, म्हणजे झालेल्या निवडीची कड सुधारण्याचे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. इतक्या लहानशा विषयाला स्वतंत्र पुस्तक कशाला, अशी शंका कोणी घेतल्यास तिचे उत्तर असे की जोडलेले चित्र उघडे पडते ते बहुधा कडेवरच. गालावरचा रंग थोडा चुकला तर तो प्रकाशाचा दोष म्हणून खपून जातो, पण केसांभोवती राहिलेली फिकट रेघ ज्याने आयुष्यात कधी सॉफ्टवेअर उघडलेले नाही त्याच्याही डोळ्यांना खुपते.

निवडीविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज पडद्यावरच्या एका खुणेतून आला आहे. निवडलेल्या भागाभोवती काळ्या-पांढऱ्या तुटक रेघांची सरकती माळ दिसते. कूच करणाऱ्या मुंग्या या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती बिल ॲटकिन्सन यांनी १९८४ मध्ये मॅकिंटॉशबरोबर आलेल्या ‘मॅकपेंट’ या चित्रप्रणालीत वापरली आणि तेव्हापासून ती जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरने उचलली. ही माळ पाहणाऱ्याला साहजिकच असे वाटते की चित्रातला प्रत्येक बिंदू एकतर कुंपणाच्या आत आहे किंवा बाहेर. प्रत्यक्षात फोटोशॉप किंवा गिम्पमधील निवड ही मूळ चित्राइतक्याच लांबीरुंदीची एक करडी प्रतिमा असते, जिच्यात पांढरा बिंदू म्हणजे पूर्ण निवडलेला, काळा म्हणजे मुळीच न निवडलेला आणि मधल्या छटा म्हणजे त्या त्या प्रमाणात अंशतः निवडलेला; आठ बिटांच्या चित्रात या छटांना २५६ पायऱ्या मिळतात. मुंग्यांची माळ यांपैकी फक्त ५० टक्क्यांच्या सीमेवरून धावते. त्यामुळे ४० टक्के निवडलेला धूर माळेच्या बाहेर दिसतो, पण संपादनाचा ४० टक्के परिणाम त्याच्यावर होतोच. निवडीत ५० टक्क्यांहून अधिक निवडलेला एकही पिक्सेल नसेल तर फोटोशॉप तशी सूचना देते आणि माळ दाखवतच नाही, आणि नवशिका संपादक निवड झालीच नाही असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. कड सुधारणे म्हणजे अधिक वळणदार रेघ ओढणे ही कल्पना याच माळेने रुजवली आहे, आणि ती मनातून काढल्याखेरीज पुढचे काहीच नीट समजत नाही.

करड्या छटांची गरज का पडते याचे कारण कॅमेऱ्यात आहे. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोन, आणि कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याला काही क्षेत्रफळ असते. वस्तूची कड त्या चौकोनाच्या मधून गेली तर त्यात वस्तूचा आणि मागच्या पार्श्वभूमीचा असा दोघांचाही प्रकाश जमा होतो आणि एकच मिश्र रंग नोंदला जातो. डोक्यावरचा एकटा केस कित्येकदा एका पिक्सेलहूनही बारीक असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला पूर्ण पिक्सेल कधी येतच नाही. शिवाय भिंग ज्या अंतरावर स्थिर केलेले असते त्याच्या मागेपुढे असलेल्या वस्तूंच्या कडा पसरतात, आणि हललेल्या वस्तूच्या कडा हालचालीच्या दिशेने ओढल्या जातात. अशा पिक्सेलचा रंग म्हणजे वस्तूचा रंग गुणिले तिचा हिस्सा, अधिक पार्श्वभूमीचा रंग गुणिले उरलेला हिस्सा. हे समीकरण पाचवीतल्या मुलाला कळेल इतके साधे आहे, आणि कडेच्या परिष्करणातील सगळा अवघडपणा त्याच्यातच साठलेला आहे, कारण त्यात शोधायच्या गोष्टी दोन आहेत : पिक्सेलमधला वस्तूचा हिस्सा किती, आणि त्या हिश्श्याचा स्वतःचा रंग कोणता. बहुतेक संपादक पहिला प्रश्न सोडवतात आणि दुसरा विसरतात.

एका चित्रातला भाग झाकून दुसऱ्यावर बसवण्याची गरज संगणकाहून फार जुनी आहे. ऑस्कर रेयलँडर यांनी १८५७ मध्ये ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र तीसहून अधिक निगेटिव्हांमधून, कागदाचा उरलेला भाग झाकून एकेक आकृती छापत, तयार केले, आणि पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हांचे ‘फेडिंग अवे’ सादर केले. पुढे छपाईच्या धंद्यात निगेटिव्हची पार्श्वभूमी अपारदर्शक रंगाने बुजवून वस्तू पांढऱ्यावर सुटी छापण्याची रीत पडली, आणि त्याहून नेमक्या कामासाठी ‘रुबीलिथ’ ही पारदर्शक आधारावरची लाल फिल्म आली, जिचा लाल थर कारागीर धारदार पात्याने कडेबरहुकूम कापून सोलून काढत असे. छपाईच्या फिल्मला लाल रंग काळ्यासारखाच दिसत असल्याने राहिलेला थर तेवढा भाग झाकून टाकी. या सर्व रीतींमध्ये कड ही खरोखरच रेघ होती, कारण पाते अर्धे कापू शकत नाही. केस सुटे असलेली व्यक्ती आली की कारागीर केसांचा एक ठोकळ आकार धरून कापत, आणि जुन्या जाहिरातींमधल्या बायकांचे केस टोपासारखे का दिसतात याचे हेही एक कारण आहे.

अर्धवट हिश्श्याचा विचार आधी चित्रपटांच्या तंत्राने केला. नट स्टुडिओत आणि पार्श्वभूमी दुसरीकडे अशी दोन चित्रे एकत्र करताना नटामागे निळा पडदा लावून, रंगांमधील फरकावरून झाकणारी फिल्म तयार करण्याची जी पद्धत पेट्रो व्लाहोस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली, तिच्यात केस, धूर, काच आणि हालचालीने पुसट झालेल्या कडा बऱ्याच अंशी टिकू लागल्या. संगणकावर हाच विचार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमुल आणि आल्वी रे स्मिथ यांनी मांडला : तांबडा, हिरवा, निळा या तीन रंगांबरोबर प्रत्येक पिक्सेलचे एक चौथे मूल्य साठवायचे, जे त्याची अपारदर्शकता सांगेल. त्याला त्यांनी ‘अल्फा’ असे नाव दिले. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अल्फा असलेल्या चित्रांना एकमेकांवर ठेवण्याचे पूर्ण बीजगणित प्रसिद्ध केले, जे आजही प्रत्येक लेअरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रथराच्या, मुळाशी चालते, आणि या चौघांचा पुढे ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत एकत्र गौरव झाला. फोटोशॉपचे घराणेही याच्या शेजारचेच आहे. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात संशोधन करत असताना त्यांनी १९८७ च्या सुमारास लिहिलेली प्रणाली त्यांचे बंधू जॉन यांच्या नजरेस आली, आणि जॉन तेव्हा लुकासफिल्मच्याच इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यचमत्कारांच्या कंपनीत काम करत होते. ॲडोबीने तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली. निवड जतन केली की ती अल्फा चॅनेल म्हणून साठवली जाते ही फोटोशॉपमधील व्यवस्था अशा वंशातून आलेली आहे.

समीकरण सोपे असूनही ते सुटत का नाही, याचे उत्तर मोजणीत आहे. कडेच्या एका पिक्सेलबद्दल संगणकाला तीन आकडे माहीत असतात, मिश्रणाचा तांबडा, हिरवा आणि निळा. शोधायचे असतात सात, म्हणजे वस्तूचे तीन, पार्श्वभूमीचे तीन आणि एक हिस्सा. तीन माहितींवरून सात अज्ञाते काढता येत नाहीत हे शाळेतले गणित आहे. निळा किंवा हिरवा पडदा लावण्याचे खरे प्रयोजन इथे कळते, कारण पार्श्वभूमीचा रंग आधीच ठाऊक झाल्याने अज्ञाते चारवर येतात. तरीही ती तीनपेक्षा जास्तच राहतात, आणि एकाच वस्तूचे दोन वेगवेगळ्या रंगांच्या पडद्यांपुढे छायाचित्र घेतले तर मात्र उत्तर नेमके मिळते हे आल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखवले. लग्नातल्या किंवा रस्त्यावरच्या छायाचित्रात ही सोय नसते. तिथे सॉफ्टवेअरला आजूबाजूच्या पिक्सेलांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यासाठी चित्राचे तीन भाग आखून द्यावे लागतात : नक्की वस्तू, नक्की पार्श्वभूमी आणि मधला अनिश्चित पट्टा. या आखणीला ‘ट्रायमॅप’ म्हणतात. नक्की भागांतले रंग पाहून अनिश्चित पट्ट्यातला हिस्सा संभाव्यतेने काढण्याची वॉशिंग्टन विद्यापीठातील चुआंग आणि सहकाऱ्यांची २००१ ची पद्धत, आणि लहानशा परिसरात रंग एका सरळ रेषेत बदलतात असे गृहीत धरून तोच हिस्सा थेट समीकरणाने काढण्याची जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील लेव्हिन, लिशिन्स्की आणि वाइस यांची २००६ ची पद्धत, या दोन्हींनी पुढच्या साधनांना पाया दिला. संपादक फोटोशॉपमधील ‘रिफाइन एज’ या कड सुधारणाऱ्या साधनाचा ब्रश केसांवरून फिरवतो तेव्हा तो केस निवडत नसून अनिश्चित पट्टा आखून देत असतो. एवढे लक्षात आले की तो ब्रश डोक्याच्या ठसठशीत भागावर फिरवल्यास डोक्यातच भोके का पडतात हेही समजते, कारण जे नक्की होते ते संपादकाने स्वतःच अनिश्चित ठरवलेले असते.

कडांचे प्रकार ओळखणे हा या विद्येचा गाभा आहे आणि पुस्तकाची सर्वांत मोठी प्रकरणे त्यालाच दिली आहेत. महाराष्ट्रातल्या लग्नाचे एकच छायाचित्र घेतले तरी त्यात बहुतेक सगळे प्रकार सापडतात. शेरवानीचा खांदा किंवा पाटाची बाजू ही कठीण कड, जिथे संक्रमण एक-दोन पिक्सेलांत संपते आणि पेन टूलने आखलेली वक्ररेषा इतर कोणत्याही साधनाहून चांगली बसते. मागे उभ्या मामाचा खांदा भिंगाच्या स्पष्टतेबाहेर गेल्याने त्याची कड पंधरा-वीस पिक्सेल पसरलेली, आणि तिला तेवढाच फेदर, म्हणजे कडेचा पुसटपणा, हवा. उधळलेल्या अक्षता हालचालीने लांबट झालेल्या, म्हणजे त्यांच्या दोन बाजू धारदार आणि दोन टोके पुसट. मुंडावळ्यांच्या मोत्यांमधून मागचा मंडप ठिपक्याठिपक्याने दिसतो, बांगड्यांच्या मधल्या फटींतूनही दिसतो, आणि ही भोके निवडीतून वगळली नाहीत तर नव्या पार्श्वभूमीवर जुन्या मंडपाचे तुकडे लटकत राहतात. कपाळावरच्या सुट्या बटा हे केसांचे नेहमीचे संकट. जाळीदार ओढणी आणि होमाचा धूर यांना तर कडच नाही. त्यांचा सबंध विस्तारच अर्धवट निवडीचा आहे. अशा चित्राला सगळीकडे एकच मूल्य लावणारा संपादक कुठे ना कुठे चुकणारच, म्हणून अनुभवी लोक एकाच व्यक्तीसाठी तीन-चार वेगळे मास्क बनवून शेवटी ते एकत्र करतात. मास्क म्हणजे लेअरला जोडलेली निवडच, फक्त ती कायम दिसणारी आणि केव्हाही रंगवून बदलता येणारी असते.

कड शोधून देणाऱ्या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हाताने ओढायचा लॅसो आणि सारख्या रंगाचे पिक्सेल गोळा करणारा मॅजिक वाँड सुरुवातीपासून होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील एरिक मॉर्टेन्सन आणि विल्यम बॅरेट यांनी १९९५ मध्ये कडेला आपोआप चिकटत जाणारी रेघ दाखवली, आणि तीच कल्पना फोटोशॉप ५.० मधील मॅग्नेटिक लॅसोत दिसते. २००४ मध्ये केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनकेंद्रातील रॉदर, कोल्मोगोरोव्ह आणि ब्लेक यांनी वस्तूभोवती फक्त चौकट काढून तिला वेगळे करण्याची ‘ग्रॅबकट’ ही पद्धत मांडली. कडेच्या परिष्करणाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००७, कारण त्या वर्षीच्या फोटोशॉप सीएस३ मध्ये ‘रिफाइन एज’ ही स्वतंत्र खिडकी आली. २०१० च्या सीएस५ मध्ये तिला स्मार्ट रेडियस आणि रंगशुद्धी मिळाली, आणि २०१६ मध्ये तिची जागा ‘सिलेक्ट अँड मास्क’ या कार्यक्षेत्राने घेतली.

त्या कार्यक्षेत्रातील नियंत्रणे नावाने सर्वांना ठाऊक असतात, कार्याने फार थोड्यांना. रेडियस हा कडेच्या आजूबाजूचा तो पट्टा ठरवतो ज्याच्यात सॉफ्टवेअर हिश्श्याचा शोध घेईल, म्हणजे तो ट्रायमॅपची रुंदी सांगतो. स्मार्ट रेडियस तीच रुंदी कठीण कडेजवळ कमी आणि मऊ कडेजवळ जास्त करतो. स्मूद कडेवरचे दाते घालवतो, पण त्याबरोबर बोटांची नखे आणि नथीचा आकडा अशी टोकेही बोथट करतो. कॉन्ट्रास्ट करड्या छटांना काळ्या-पांढऱ्याकडे ढकलून संक्रमण अरुंद करतो, आणि शिफ्ट एज सबंध कड आत किंवा बाहेर सरकवतो. फेदर म्हणजे मास्क सरसकट पुसट करणे. ही सगळी नियंत्रणे सापेक्ष आहेत. उदाहरणार्थ फेदर आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढवले तर पसरलेली कड पुन्हा आवळली जाते आणि हाती स्मूदसारखाच परिणाम लागतो, म्हणून कोणत्याही पाठात दिलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घेण्याला अर्थ नाही. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात तीन पिक्सेलांचा फेदर जाडसर वाटतो, तर चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात तो दिसतही नाही.

या नियंत्रणांपैकी फेदरचा गैरवापर सर्वाधिक होतो असे स्पष्ट म्हणावे लागेल. कड खटकली की फेदर वाढवायचा, ही सवय अल्बम बनवणाऱ्यांच्या पिढ्यांनी एकमेकांना शिकवली आहे. फेदर कडेचा दोष काढत नाही, तो दोष पसरवतो. आतल्या बाजूने वस्तू अर्धपारदर्शक होते, बाहेरच्या बाजूने जुनी पार्श्वभूमी अर्धवट आत येते, आणि कापडाची कड जिथे करकरीत दिसायला हवी तिथे माणूस धुक्यातून उगवल्यासारखा दिसतो. फेदरची योग्य जागा एकच, जिथे मूळ छायाचित्रातली कड तेवढीच पसरलेली आहे तिथे.

केसांसाठी मेनूतल्या साधनांपेक्षा जुनी चॅनेलची रीत आजही अनेकदा सरस ठरते. तिच्यात तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन चॅनेल सुटे पाहून ज्याच्यात केस आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक सर्वाधिक असेल त्याची प्रत काढतात. उजळ आकाशापुढे काळे केस असतील तर तो बहुधा निळा असतो, कारण त्यात आकाश जवळजवळ पांढरे, तर केस आणि त्वचा दोन्ही गडद उतरतात. मग लेव्हल्सच्या साहाय्याने गडद ते काळे आणि उजळ ते पांढरे करून प्रतिमा उलटवली की केसांचा तयार मास्क हाती येतो, आणि तोही छायाचित्रानेच नोंदवलेल्या छटांचा, कोणत्याही अंदाजाविना. मधल्या छटा नीट न जमलेल्या जागी ब्रश ओव्हरले या मिश्रणरीतीवर ठेवून पांढरा किंवा काळा रंग फिरवतात. या रीतीत पूर्ण काळ्या व पूर्ण पांढऱ्या भागाला धक्का लागत नाही आणि फक्त मधले करडे दोन्हीपैकी एका बाजूला सरकतात. भारतीय छायाचित्रात काळे केस उजळ भिंतीपुढे असणे हा नेहमीचा प्रसंग असल्याने ही रीत इथल्या कामाला विशेष मानवते. काळी बट गडद लाकडी दारापुढे आली की मात्र तिन्ही चॅनेल हात टेकतात, आणि बारीक ब्रशने केस नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तसे करण्यात अप्रामाणिकपणा नाही, कारण चित्रात ती माहिती मुळात नोंदलेलीच नसते.

आता समीकरणातला दुसरा प्रश्न, रंगाचा. समजा एका पिक्सेलमध्ये ७० टक्के काळा केस आणि ३० टक्के पांढरी भिंत आहे. मास्कने त्याचा हिस्सा अचूक, म्हणजे ७० टक्के, काढला तरी पिक्सेलमध्ये साठवलेला रंग करडाच आहे, केसाचा काळा नाही. तो ७० टक्के करडा रंग गडद निळ्या पार्श्वभूमीवर बसवला की तिथे उजळ ठिपका दिसतो, आणि अशा ठिपक्यांची रांग म्हणजेच ती कुप्रसिद्ध पांढरी कड. मास्क आणखी घासून ती जात नाही, किंवा गेलीच तर केसांसह जाते. उपाय रंग बदलण्याचा आहे : कडेच्या पिक्सेलांतून भिंतीचा वाटा वजा करून तिथे आतल्या, पूर्ण निवडलेल्या केसांचा रंग भरायचा. फोटोशॉपमधील रंगशुद्धीचे नियंत्रण हेच करते, आणि त्यात पिक्सेलांचे मूळ रंग बदलत असल्याने ते आपला निकाल मूळ लेअरवर न देता नव्या लेअरवर देते. हाताने करावयाचे झाल्यास वस्तूच्या लेअरला जोडलेला नवा लेअर घेऊन कडेलगत केसांचाच रंग हलक्या ब्रशने लावतात. हिरव्या पडद्यासमोर उभ्या माणसाच्या गालावर आणि पांढऱ्या कुर्त्यावर पडलेली हिरवी झाक हा याचाच मोठा भाऊ. ती कडेपुरती न राहता अंगभर पसरते. गॅमाची गोष्टही इथेच येते. चित्रातले आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष मात्रेच्या सरळ प्रमाणात साठवलेले नसतात, म्हणून त्यांच्यावर थेट केलेले मिश्रण खऱ्या प्रकाशाच्या मिश्रणाहून गडद येते. काळा आणि पांढरा अर्धे-अर्धे मिसळले तर २५५ च्या मोजपट्टीवर १२८ येतात, प्रकाशाच्या हिशेबाने ते सुमारे १८८ यायला हवेत. फोटोशॉपच्या रंगविषयक सेटिंग्जमध्ये यासाठी १.०० गॅमाने मिश्रण करण्याचा पर्याय आहे, आणि गिम्पच्या २०१८ मधील २.१० या आवृत्तीपासून तिथेही सरळ प्रमाणातले मिश्रण उपलब्ध आहे. रोजच्या कामात त्याची गरज थोडी, पण कड विनाकारण काळवंडत असेल तर कारण इथे शोधावे.

गेल्या काही वर्षांत यंत्रशिक्षणाने निवडीचे स्वरूप पालटले आहे. लाखो चित्रे आणि त्यांच्या आखून दिलेल्या निवडी दाखवून शिकवलेली ही प्रणाली रंगांच्या फरकावर अवलंबून न राहता वस्तू ओळखते. फोटोशॉपमध्ये जानेवारी २०१८ मध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आले, २०२२ मध्ये आयफोनवर बोट दाबून धरले की माणूस चित्रातून सुटा होऊ लागला, आणि मेटाने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सेगमेंट एनिथिंग’ या प्रणालीला सुमारे १ कोटी १० लाख चित्रांवर शिकवलेले आहे. यामुळे कडेचे काम संपले असे म्हणणाऱ्यांनी त्या प्रणालीची घडण पाहावी. तिच्यात चित्र लांब बाजूने १०२४ पिक्सेलांवर आणून आत घेतले जाते आणि मास्क २५६ गुणिले २५६ इतका लहान तयार होऊन मग मोठा केला जातो. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात केसाची बट अशा मास्कमध्ये मावणेच शक्य नाही. केवळ हिस्सा काढण्यासाठी शिकवलेल्या प्रणालीही आहेत, २०१७ मधील ॲडोबीच्या संशोधकांचा सहभाग असलेली ‘डीप इमेज मॅटिंग’ त्यांतली पायाभूत, आणि त्यांचे केसांचे काम उत्तम असते. पण जिथे त्या चुकतात तिथे त्यांची चूक आत्मविश्वासाने केलेली, गुळगुळीत आणि म्हणून चटकन न दिसणारी असते. कान आणि केस यांच्या मधली त्वचा गायब होणे, चष्म्याची दांडी तुटणे, दोन बोटांमधली फट बुजणे हे तिचे ठरलेले नमुने. ढोबळ आकार काढण्याची मेहनत यंत्राने घेतली हे चांगलेच झाले, परंतु त्यामुळे संपादकाचा उरलेला सगळा वेळ कडेवर येऊन पडला आहे.

मूळ चित्राच्या दर्जाकडे दुर्लक्ष करून कोणतेही परिष्करण साधत नाही. जेपीईजी ही साठवणुकीची रीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती पुष्कळदा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्मी करते. डोळ्याला ते कळत नाही, पण रंगावरून कड शोधणाऱ्या साधनाला कळते, आणि निवडीवर चौकोनी पायऱ्या उमटतात. ग्राहक व्हॉट्सॲपवर पाठवतो ते छायाचित्र याशिवाय लहान करून पुन्हा दाबलेले असते. अशा चित्रावर तासभर खपण्यापेक्षा मूळ फाइल मागून घेणे शहाणपणाचे. निकाल साठवतानाही हाच विवेक लागतो, कारण जेपीईजीला पारदर्शकता ठाऊक नाही, जीआयएफला ती फक्त आहे किंवा नाही एवढीच ठाऊक आहे, आणि १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पीएनजीत मात्र अल्फाच्या सगळ्या छटा टिकतात.

किती परिष्करण पुरे, हे छपाई कशावर आणि ती पाहायची किती अंतरावरून यावर ठरते. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत या कामाचा फार मोठा वाटा फ्लेक्सचा आहे. दहा-पंधरा फुटांचा फलक चौकातून जाणारा माणूस लांबून पाहतो, त्याला बटांची कड दिसत नाही, पण मान, कान आणि टोपी यांचा आकार बिघडला तर लगेच दिसतो, आणि घाईने केलेल्या कटिंगमध्ये शुभेच्छुकांच्या रांगेतील प्रत्येकाचे दोन्ही कान शाबूत असतीलच असे नाही. पासपोर्ट छायाचित्रात पांढऱ्यावर पांढरी कड लपून जाते, तिथे त्रास उलटा होतो आणि गडद झालर दिसते. हातात धरून पाहायच्या अल्बमला मात्र सवलत नाही. कापडाच्या किंवा दागिन्यांच्या कॅटलॉगलाही नाही, कारण तिथे कडेचा रंग चुकणे म्हणजे मालाचाच रंग चुकणे. पुस्तकातील उदाहरणे म्हणून या चारही क्षेत्रांतून घेतली आहेत आणि प्रत्येकाबरोबर छपाईचा आकार दिला आहे.

वाचकाने पुस्तकाचा उपयोग करताना दोन पथ्ये पाळावीत. एक, खोडरबराने कधीही काही पुसू नये आणि प्रत्येक निवड मास्क म्हणूनच ठेवावी, म्हणजे उद्या नजर सुधारल्यावर आजची चूक दुरुस्त करता येईल. दुसरे, कड एकाच पार्श्वभूमीवर पाहून समाधान मानू नये. काळ्यावर, पांढऱ्यावर आणि शेवटी जिथे ती बसणार आहे त्या खऱ्या पार्श्वभूमीवर, तिन्हींवर तिची पारख करावी, कारण काळ्यावर निर्दोष दिसणारी कड पांढऱ्यावर काळी पडलेली निघते आणि उलटही घडते. पुढील प्रकरणांमधील कृती फोटोशॉपच्या नावांनी सांगितल्या असल्या तरी त्यांना लागणारे मास्क, चॅनेल, लेव्हल्स आणि ब्रश हे सगळे गिम्पमध्येही आहे, आणि गिम्प विनामूल्य मिळते.